पाऱ्यावरचा श्वास

सगळी गल्ली तिला पारावहिनी म्हणायची. रागावरून नव्हे, राग तिला फारसा यायचाच नाही, आणि आला तरी आवाज कधी चढायचा नाही. नाव पडलं ते कामावरून. हवामान केंद्राच्या कुंपणाआड, कापलेल्या गवताच्या चौकोनात, चार पायांवर एक पांढरी पेटी उभी होती. तिच्या चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या होत्या, म्हणजे वारा आत यावा आणि ऊन बाहेरच राहावं. आत तापमापक. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी पेटी उघडायची, पारा वाचायचा, वहीत आकडा लिहायचा आणि मग तो केंद्राच्या संगणकावर चढवायचा, हे तिचं काम. लग्न होऊन ती या घरात आली त्याच वर्षी ते तिला मिळालं, आणि तेव्हापासून तिच्या हातून एकही नोंद चुकली नव्हती.

अंगात ताप असताना ती गेली होती. सासूबाई गेल्या त्या दिवशीही, घर माणसांनी भरलेलं असताना, डोळे पुसून कुंपणापर्यंत जाऊन आली होती. तिचा नवरा न्हावी. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "आमच्या घरात भांडणसुद्धा वेळापत्रकानं होतं. ही आधी घड्याळ बघते, मग मला बोलते."

पेटीचं दार उघडण्याआधी ती दोन गोष्टी करायची. मनात देवाचं नाव घ्यायची आणि श्वास रोखून धरायची. तिच्या लेखी दोन्हींचं मोल सारखंच. माणूस जवळ आला की त्याच्या अंगाच्या उबेनं, उच्छ्वासानं पारा हलतो. म्हणून दशांश आधी वाचायचा, पूर्ण अंश मागून; तेवढ्या वेळात बिघडला तर दशांशच बिघडतो.

हे सगळं तिच्याखेरीज आणखी एकालाच ठाऊक होतं, तिच्या धाकट्या दिराला. सासूबाई गेल्या तेव्हा तो शाळेत जायचा. वहिनीचं बोट धरून तो पेटीपाशी यायचा, आणि तिनं त्याला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच: श्वास रोख, धाकट्या, तुझ्या श्वासानं पारा चढतो. गाल फुगवून, डोळे मोठे करून तो उभा राहायचा. परतताना दाराची आकडी लावायचा मान त्याचा. तो डावखुरा, त्यामुळे आकडी हटकून उलटी पडायची आणि ती सरळ करून लावायची.

आता धाकटा मोठा झाला होता. दादाच्या सलूनच्या कोपऱ्यात टेबल टाकून मोबाइल दुरुस्त करायचा. हात कसबी होता. चौकातला एक गाळा त्याच्या नजरेत भरला होता, आणि त्याच्या अनामतीसाठी थोरल्यानं कात्रीवर कात्री चालवत पैसे साठवून त्याच्या हाती दिले होते.

त्या दिवसांत घरात वेगळीच लगबग होती. वहिनीच्या अखंड नोंदींबद्दल केंद्रात छोटा समारंभ व्हायचा होता. साहेबांनी सुताराकडे लाकडी पाटी करायला टाकली होती. नवऱ्यानं नवा सदरा शिवून आणला.

"सत्कार तुझा असेल, पण फोटोत शेजारी मी उभा राहणार," तो म्हणाला.

"राहा की. पण तुमचे केस वाढलेत. ते कोण कापणार?"

"तीच पंचाईत आहे. इथे चांगला न्हावी एकच, आणि तो मी."

धाकटा हसला, पण फोनमधून मान वर न काढता. वहिनीच्या ते नजरेत आलं.

सुरुवात मात्र कौतुकानंच झाली होती. एके दिवशी तो हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. "वहिनी, तुला माहितीये का, जगभरची माणसं तुझ्या आकड्याची वाट बघत बसतात."

"कशाला बसतील? आपल्या गल्लीतले बाहेर पडताना मला विचारतात, छत्री घेऊ का. तेवढाच माझा दरारा."

मग त्यानं दाखवलं. फोनवर एक पैजांचं दालन होतं. त्यात कशावरही पैज लावता यायची: कोण निवडून येईल, कुठला संघ हरेल, कुठल्या गावात आज पारा कुठवर चढेल. त्या गावांच्या यादीत तिचं केंद्र होतं. संध्याकाळी तिनं आकडा चढवला की पैजेचा निकाल लागायचा आणि पैसे आपोआप वाटले जायचे.

"मालक कोण याचा?"

"मालक नाहीच, तीच तर गंमत. एक प्रोग्राम आहे. एकदा लिहून ब्लॉकचेनवर सोडला की लिहिणाऱ्यालाही तो थांबवता येत नाही. कुणाची लबाडी नाही, वशिला नाही."

"आणि ब्लॉकचेन म्हणजे?"

"एक वहीच समज. हजारो ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते, आणि एकदा लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही. वहिनी, तू आणि ब्लॉकचेन एकाच शाळेतले."

तिला क्षणभर बरं वाटलं, नाही असं नाही. आपल्या गवतातल्या पेटीकडे समुद्रापलीकडून कुणी बघतंय, हे काही वाईट नव्हतं. पण तिनं गॅस बारीक केला आणि विचारलं, "माझ्या वहीतही खाडाखोड चालत नाही. पण आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारता येते. खालचा आकडा दिसत राहतो, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. तुझ्या त्या वहीत अशी रेघ मारता येते का?"

"नाही. तिथे चुकलं ते चुकलं."

"मग ती माझ्या शाळेतली नाही," ती म्हणाली आणि फोडणीकडे वळली.

धाकट्याच्या डोक्यात मात्र ते दालन घर करून बसलं. पैजा लावणाऱ्यांचा एक गट होता. तिथे नावं खोटी, चेहरे नाहीतच. तिथे एकदा कुणीतरी या केंद्राची चौकशी केली, आणि धाकट्यानं छाती फुगवून लिहिलं, तिथला पारा वाचते ती माझी वहिनी आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तेव्हापासून राजहंस नावाचा एकजण त्याच्याशी गोड बोलायला लागला. तुझ्यासारखा जाणकार गटात दुसरा नाही, म्हणायचा. ढग कसे आहेत, वारा कसा आहे, विचारायचा. धाकटा सांगायचा आणि स्वतःही थोडे पैसे लावायचा. आधी जिंकला. मग हरला, आणि हरलेलं परत मिळवायला लागला. कुणी थांबवणारं नव्हतं. पानवाल्याच्या टपरीवरच्या जुगाऱ्यालासुद्धा कधीतरी टपरीवाला म्हणतो, आज पुरे, घरी जा. तिथे ते म्हणायलाही माणूस नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसते राखाडी ढग. वहिनी चहाचा कप घेऊन टेकली होती. धाकटा येऊन समोर बसला. चेहरा असा, की तिनं कप खाली ठेवला.

"गाळ्याचे पैसे लावलेत," तो म्हणाला. "सगळे. आज पारा अठ्ठावीसच्या वर जाईल यावर."

"सगळे?"

"काल लावले तेव्हा ढग नव्हते."

"काढून घे."

"काढता येत नाहीत. संध्याकाळी आकडा आला की प्रोग्राम काय ते ठरवणार."

"मग त्या प्रोग्रामवाल्याला फोन कर. सांग, घरचे पैसे आहेत, चूक झाली."

"कुणाला करू, वहिनी? तिथे माणूस नाही."

बाहेर सलूनचं शटर वर गेल्याचा आवाज आला. नवऱ्यानं दिवस सुरू केला होता, आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

धाकट्यानं मान खाली घातली. "राजहंस म्हणतो, अर्ध्या अंशानं कुणाचं काय बिघडतं. सत्तावीस पॉइंट आठ असलं तर तू अठ्ठावीस पॉइंट दोन..."

"तुझ्या राजहंसाला सांग," वहिनी उठत म्हणाली, "मी दशांश आधी वाचते."

एवढंच म्हणून ती कामाला गेली. संध्याकाळी नवऱ्याच्या कानावर घालायचं, असं तिनं ठरवलं. आधी पारा, मग पैसे. वाटेत तिनं देवाकडे काहीच मागितलं नाही. ढग सरू दे असं मागावं, असं एकदा मनात आलं होतं. पण देवाला आपल्या घरच्या पैजेत ओढायचं, या विचारानंच तिला लाज वाटली.

दुपारची नोंद झाली. पारा अठ्ठावीसच्या बराच खाली होता. ती घरी येऊन जेवली, थोडी आडवी झाली. कुंपणाची किल्ली नेहमीसारखी दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. आभाळ तसूभर उघडलं नाही.

संध्याकाळी ती पेटीपाशी गेली, मनात नाव घेतलं, श्वास रोखला, आणि आकडीकडे हात नेला.

आकडी उलटी होती.

हात तिथेच थबकला. दुपारी तिनं स्वतः ती सरळ लावली होती. इतकी वर्षं तिची आकडी सरळच पडत आली होती. उलटी लावणारा हात जगात एकच होता, आणि त्या हाताला पेन्सिल धरायला तिनंच शिकवलं होतं. रोखलेला श्वास छातीत दुखायला लागला, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली, तोंड फिरवून श्वास सोडला आणि पुन्हा पुढे झाली.

कमाल तापमापक आडवा ठेवलेला असतो. दिवसभरात पारा जिथवर चढतो तिथेच तो अडकून राहतो. माणसानं झटकल्याशिवाय मागे येत नाही. तिनं दशांश वाचला. चार. मग पूर्ण अंश. अठ्ठावीस.

शेजारचा साधा तापमापक अजून सत्तावीसाच्याही खाली होता.

ती पेटीसमोर उभी राहिली. कुणी तिला काही विचारणार नव्हतं. काचेवर जे दिसतं ते लिहायचं, हाच तर तिचा आजवरचा नेम. आत्ताही काचेवर आकडा होता, स्वच्छ, ठळक. तो लिहिला तर खोटं कुठे होत होतं? गाळा वाचणार होता. नवऱ्यापर्यंत काही जाणार नव्हतं. तिच्या नोंदी अखंड राहणार होत्या. सुताराच्या दुकानात पाटीवरच्या त्या 'अखंड' शब्दाला आत्ता पॉलिश चाललं असेल. तागडीच्या एका पारड्यात एवढं सगळं, आणि दुसऱ्यात एक उलटी पडलेली आकडी.

पण तो आकडा त्या दिवसाचा नव्हता. तो धाकट्याच्या श्वासाचा होता.

तिनं वही उघडली. अठ्ठावीस पॉइंट चार असं लिहिलं. मग पट्टी ठेवून त्यावर एक आडवी रेघ मारली, आणि शेजारी नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं: संशयास्पद. कारणाच्या रकान्यात तिचं पेन थोडा वेळ थांबलं. मग तिनं लिहिलं, कुंपणाची किल्ली निरीक्षकाच्या घरी उघड्यावर टांगलेली होती. हे खरं होतं. सगळं नव्हतं, पण खरं होतं. खाली सही केली.

संगणकावर कमाल तापमानाची चौकट तिनं रिकामी सोडली. संगणकानं विचारलं, ही जागा रिकामी ठेवायची आहे का? हा प्रश्न तिनं इतक्या वर्षांत कधी बघितला नव्हता. तिनं हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा हो म्हटलं. मग जाऊन तापमापक झटकला, पारा खाली आणला, आणि आकडी सरळ लावली.

धाकटा सलूनच्या पायरीवर बसला होता, अंगठ्यानं फोनचा पडदा खाली ओढत.

"आकडा आला नाही," तो म्हणाला. "साइट बंद आहे का?"

"साइट चालू आहे. आकडा नाही."

"म्हणजे?"

"रिकामी सोडली." ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "आकडी उलटी लागली होती, धाकट्या."

त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. तो म्हणाला, "पण तुझ्या नोंदी. त्या तर अखंड..."

"होत्या."

"माझ्यासाठी मोडल्यास?"

"पाऱ्यासाठी. तुझ्यासाठी म्हणून तो आकडा लिहितासुद्धा आला असता."

"माझं नाव लिहिलंस?"

"नाही. किल्ली माझ्या घरची, तेवढं लिहिलं. उद्या कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही. पण अजून कुणी विचारलेलं नाही."

त्याच्या हातातला फोन सारखा थरथरत होता. पैजेचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला, चौकट कधीतरी रिकामीही येऊ शकेल हे सुचलंच नव्हतं. त्यामुळे पैसे ना जिंकणाऱ्यांना मिळत होते, ना हरणाऱ्यांचे परत येत होते. या बाजूनं लावलेले, त्या बाजूनं लावलेले, सगळ्यांचेच पैसे त्या न खोडता येणाऱ्या वहीत अडकले होते, आणि ते सोडवायचा अधिकार कुणाचाच नव्हता. गटात एकमेकांच्या नावानं शिमगा चालला होता. राजहंसानं लिहिलं, ती तुझीच वहिनी ना, जा आणि आकडा टाकायला लाव तिला. मग त्यानं वहिनीबद्दल असं काही लिहिलं, की धाकट्यानं फोन पालथा घातला.

"काय म्हणतोय तुझा हंस?" वहिनीनं विचारलं.

"हंस नाही तो," धाकटा म्हणाला. उठला, आणि सरळ सलूनमध्ये गेला.

थोरला एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. धाकट्यानं तिथेच, आरशासमोर, सगळं सांगितलं: गाळ्याचे पैसे, पैज, किल्ली, श्वास. गिऱ्हाईक फेसाच्या आडून डोळे मिटून, अगदी न हलता ऐकत राहिलं. थोरल्याचा हात थांबला नाही. त्यानं हनुवटी पुरी केली, वस्तरा पुसला, मिटला, खणात ठेवला.

"वस्तरा हातात असताना सांगितलंस," तो म्हणाला. "हिंमत आहे तुझी."

गिऱ्हाईक पैसे ठेवून हळूच निघून गेलं. मग थोरल्यानं झाडू घेतला आणि जमिनीवरचे केस एका बाजूला लोटत म्हणाला, "कोपऱ्यातलं टेबल आहे तिथेच राहील. गाळा पुन्हा होईल तेव्हा होईल. पण केंद्रात कोण सांगणार? तुझी वहिनी?"

"नाही," धाकटा म्हणाला. "मी."

सकाळी वहिनी केंद्रात पोचली तेव्हा तो तिच्या आधीच साहेबांच्या टेबलासमोर उभा होता. दाराबाहेर तिची पावलं आपोआप थांबली. आत साहेब चष्मा पुसत होते.

"कालची नोंद बिघडली ती माझ्यामुळे," धाकटा सांगत होता. "पाऱ्यावर श्वास मी सोडला. किल्ली चोरून नेली होती. त्यांचा यात काही दोष नाही."

"तुम्ही कोण?"

"ती माझी वहिनी आहे."

हेच वाक्य त्यानं गटातही लिहिलं होतं. पण बाहेर उभ्या असलेल्या वहिनीला आज ते वेगळं ऐकू आलं. तिनं भिंतीला हात टेकला. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी धाकट्याकडून सगळं लिहून घेतलं, आपल्या नोंदींवर पैजा चालतात असं वर कळवलं, आणि किल्ली यापुढे केंद्रातच राहील असं फर्मान काढलं. मग वहिनीला आत बोलावलं.

"बाई, अडचण अशी आहे की पाटीवर अखंड हा शब्द कोरून झालाय."

"मग पाटी नको, साहेब."

"पाटी नकोच. समारंभ मात्र होईल."

तो झाला. खुर्च्या थोड्याच होत्या. कामावर नव्यानं लागलेली मुलंमुली पुढच्या रांगेत होती. नवरा नव्या सदऱ्यात, केस थोडे वेडेवाकडे कापलेले. धाकट्यानं कापले होते. साहेबांनी भाषण केलं नाही. त्यांनी तिची वही टेबलावर ठेवली, त्या दिवसाचं पान उघडलं, आणि नव्या मुलांना एकेक करून येऊन बघायला सांगितलं. रेघ मारलेला आकडा, शेजारी तो एक शब्द, कारण, सही.

"बाकीची पानं बरोबर कसं वाचायचं ते शिकवतील," साहेब म्हणाले. "कधी लिहायचं नाही, ते या पानावरून शिका."

एक मुलगी पान बघून परत जाताना वहिनीपाशी थांबली आणि तिचा हात दाबून गेली. नवऱ्यानं खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि शेजारच्याला म्हणाला, धूळ फार आहे इथे.

फोटो झाले. नवरा खरंच शेजारी उभा राहिला. मग संध्याकाळच्या नोंदीची वेळ झाली, तशी वहिनी उठली आणि मागच्या खुर्चीवर बसलेल्या धाकट्याकडे बघून तिनं मान हलवली. साहेबांनी बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

गवतातून दोघं पेटीपाशी गेली. तिनं दार उघडलं आणि बाजूला झाली.

"दशांश?"

त्यानं गाल फुगवून श्वास रोखला होता, त्यामुळे बोलता येईना. तोंड फिरवून, दूर श्वास सोडून तो म्हणाला, "सहा." मग पुन्हा श्वास रोखून वाकला, आणि पुन्हा दूर जाऊन म्हणाला, "तीस."

तिनं स्वतः बघितलं. तीस पॉइंट सहा. वहीत लिहिलं.

धाकट्यानं दार लोटलं, डाव्या हातानं आकडी लावली. उलटी पडली. त्यानं तिच्याकडे बघितलं, आकडी काढली, आणि सरळ करून लावली.